पाणी येतं का?

आमच्या आबांच्या लेखी कोल्हापूर म्हणजे शिवाजी पेठ. मंगळवार पेठ भांडायला आहे, राजारामपुरी खरेदीला आहे, महाद्वार रोड परगावच्या लोकांना देऊन टाकलाय आणि रंकाळ्याच्या पलीकडं जे काही पसरलंय त्याला ते आजही ‘बाहेरगाव’ म्हणतात. फुलेवाडीच्या आत्याकडं जायचं असलं की पाण्याची बाटली भरून घेतात आणि पोचल्यावर घरी फोन करतात. अशा माणसाच्या मुलानं पेठ सोडून फ्लॅट बघायचं ठरवलं, त्या संध्याकाळी घरात कुणी टीव्हीसुद्धा लावला नाही.

कारण साधं होतं. आजोबांचं घर तिघा भावांत वाटलं गेलं तेव्हा आमच्या वाट्याला दीड खोली, माडीचा जिना आणि जिन्याखालची जागा आली. माडी मात्र थोरल्या चुलत्यांची. म्हणजे जिना आमचा आणि त्यावरून जायचा हक्क त्यांचा. झाडायचा आम्ही, चढायचा त्यांनी. मुलाचा अभ्यास जिन्याखाली चालायचा. तो सातवीत गेला आणि एक दिवस गणित सुटलं म्हणून आनंदानं उभा राहिला, तर डोकं थेट पायरीला लागलं. टेंगळावर हळद लावता लावता बायको म्हणाली, “अहो, आता आपण फ्लॅट बघूया.”

आबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “फ्लॅट? खाली दुसऱ्याचं, वर दुसऱ्याचं आणि मधी आपण लोंबकाळायचं. त्यापेक्षा झोपाळा घ्या, स्वस्त पडंल.”

पेठेत गुपित म्हणून काही टिकत असेल तर तो मटणाचा मसाला. बाकी सगळं तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत पोचतं. मी दूध आणायला बाहेर पडलो तर एकजण म्हणाला, “फ्लॅट बघतोयस म्हणं? आत्ता नको घेऊ, दर पडणार हाईत.” चार पावलं पुढं गेलो तर दुसरा म्हणाला, “आत्ताच घे, सर्किट बेंच आलंय.” तिसऱ्यानं खांद्यावर हात टाकून मला बाजूला घेतलं, माझ्या पगाराची, बायकोच्या दागिन्यांची आणि आबांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग त्याच्या मेव्हण्याचा उचगावला एक प्लॉट निघाला.

सर्किट बेंचचं तेवढं सांगायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाचं हे बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. इथल्या वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली. लढा त्यांचा, पण पहिला निकाल लागला तो इस्टेट एजंटांच्या बाजूनं. आमचा एजंट कुठलाही फ्लॅट दाखवताना दार उघडायच्या आधी हात जोडून म्हणायचा, “साहेब, सहा जिल्ह्यांचे वकील येणार. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपलं. समद्यांना टू बीएचके लागणार.” मी मनातल्या मनात हे सगळे काळे कोट माझ्या पुढं रांगेत उभे असलेले बघायचो आणि घशाला कोरड पडायची.

हा एजंट मोठा गुणी माणूस. दोन मोबाइल, गाडीत पुढं जोतिबा, आणि अंतराचं एकच माप. कोल्हापुरात कुठूनही कुठंही दहा मिनिटं. स्टेशन? दहा मिनिटं. अंबाबाई? दहा मिनिटं. शिरोली एमआयडीसी? “तुमची तिथं नोकरी? मग काय, दहा मिनिटं.” ताराराणी चौकात सिग्नलला आम्ही जेवढा वेळ थांबलो तेवढ्यात त्याच्या हिशेबानं माझं कोल्हापूर दोनदा फिरून झालं असतं.

पहिली घरं बघितली ती नदीच्या अंगाची. झाडं मोठी, रस्ते रुंद, शांतता, आणि दर अंमळ कमी. बायको तर पहिल्याच गॅलरीत उभी राहून कुंड्या कुठं ठेवायच्या ते ठरवू लागली. आता चांगल्या वस्तीत दर कमी का, असा प्रश्न कोल्हापुरात विचारायचा नसतो. फक्त पंचगंगेकडं बघायचं असतं.

मी विचारलं, “पाणी येतं का?”

“देवाशप्पथ साहेब, पाणी येत न्हाई.”

पुराच्या बाबतीत कोल्हापूरकराला फसवणं सोपं नाही. आमची आकडेवारी पाठ असते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जुलै लागला की फोनवर गुड मॉर्निंगच्या आधी फूट आणि इंच येतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. मी तिथल्याच एका फौंड्रीत हिशेब लिहितो, त्यामुळं हे दोन्ही पूर मला रजेच्या खात्यावरूनही आठवतात. २०१९ ला तर शहरात जिकडंतिकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण पाणी उपसणारी केंद्रंच पाण्याखाली. सरकारी नकाशात निळी रेषा असते, ती पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा असते, ती शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. हा नकाशा पंचगंगेला कुणी दाखवलेला दिसत नाही. मला अजून चाळिशी लागायची आहे आणि २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर बघून झालेत.

तेव्हा एजंटाला गाडीत बसवून मी गल्लीत चौकशीला निघालो. त्यातून एक कळलं. पुराचं पाणी किती आलं हे नदीवर अवलंबून नसतं, सांगणाऱ्यावर असतं. एजंटाचं पाणी घोट्यापर्यंत येतं. किराणावाल्याचं गुडघ्यापर्यंत येतं. भाडेकरू कमरेला हात लावून दाखवतो. आणि ज्याला स्वतःचा फ्लॅट विकायचाय त्याच्याकडं पाणी आलेलंच नसतं, शेजारच्या बिल्डिंगीत आलेलं असतं. त्या शेजारच्या बिल्डिंगीत गेलो तर तिथला गृहस्थ पहिल्या बिल्डिंगीकडं बोट दाखवत होता. शेवटी एका गॅलरीत गहू निवडत बसलेल्या आजी भेटल्या. आम्हाला बघून त्यांना बरं वाटलं.

“कोण म्हणालं आलं न्हाई?” आजी म्हणाल्या. “मी ह्याच गॅलरीतनं बोटीत उतरलो की! मांजर घेतलं, इन्शुलिन घेतलं आन् उतरलो. टीव्हीवाल्यांनी दाखवलं मला.”

गॅलरी पहिल्या मजल्याची होती.

परत येताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. आम्ही बघितलेल्या बिल्डिंगीला खालून छातीइतक्या उंचीपर्यंत गडद चॉकलेटी रंगाचा पट्टा होता. “हे काय?” मी विचारलं. “डिझाइन, साहेब,” एजंट म्हणाला. गल्लीतल्या यच्चयावत बिल्डिंगींना तीच डिझाइन होती आणि तीही एकाच उंचीवर. बायकोनं मनातल्या कुंड्या गुपचूप उचलून घेतल्या.

मग आम्ही चढाला लागलो. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर. वारा सुरेख, समोर मोकळं आभाळ. आबा पहिल्यांदाच बरोबर आले होते. त्यांनी चपलेच्या टाचेनं जमीन ठोकली आणि “मुरूम हाय” असा पसंतीचा शेरा दिला. इथं पंचगंगा यायची म्हटली तर आधी अंबाबाईचं शिखर बुडायला हवं. मी निर्धास्त होतो. तरी सवयीनं तोंडातून निघून गेलं, “पाणी येतं का?”

“देवाशप्पथ साहेब, येतं की!”

तोच एजंट, तोच गळ्याला लावलेला हात, फक्त ‘न्हाई’ गेलं होतं. खाली होतो तेव्हा न येणारं पाणी हवं होतं, वर आल्यावर येणारं हवं झालं, आणि त्याच्याकडं दोन्ही तयार होतं.

“किती वाजता येतं?” बायकोनं विचारलं.

“वाजता असं न्हाई, वहिनी. वाराला येतं.”

“कुठल्या वाराला?”

तेवढ्यात वळणावरून टँकर आला. एजंट टँकरच्या वर आवाज चढवून विमानतळाबद्दल बोलू लागला.

काळम्मावाडी धरणातून शहराला थेट पाइपलाइन आणायचं आम्ही निवडणुकांमागून निवडणुका ऐकत होतो. शेवटी ५३ किलोमीटरची पाइपलाइन झाली आणि २०२३ च्या दिवाळीत पाणी खरोखर आलं. मी मोठ्या आशेनं म्हटलं, “ते थेट पाइपलाइनचं पाणी इथं येत असेल ना?”

“ते शहरात, साहेब. हे गावात.”

“पण तुम्ही तर मघाशी म्हणालात, शहरात टू बीएचके.”

“हद्दवाढ झाली की शहरच हाय.”

कोल्हापूरची महापालिका १९७२ ला झाली आणि हद्दवाढीच्या चर्चेत माझ्या पिढीचे केस पिकायला लागले. २०१७ ला तर हद्दवाढीच्या जागी ४२ गावांचं प्राधिकरण पदरात पडलं. तेव्हा एजंटाच्या ह्या वाक्यावर मी काही बोललो नाही. आबांनी मात्र काठी टेकवून विचारलं, “आन् हद्दवाढ होईस्तोवर आंघोळ कुठं करायची?”

त्यानंतर काही महिने आमचं असंच वरखाली चालू राहिलं. उतारावर नदी घरात येते, चढावर नळ कोरडा, आणि मधल्या पट्ट्यात जिथं दोन्ही बरं आहे तिथला दर ऐकून मला बसायला खुर्ची लागायची. शनिवारी फ्लॅट आवडायचा, त्याच रात्री सोफा कुठं ठेवायचा यावर भांडण व्हायचं, रविवारी कुणीतरी पाहुणा येऊन “तिथं? तिथं तर पूर्वी विहीर होती” म्हणायचा आणि सोमवारी मी फौंड्रीत चुकीच्या रकान्यात आकडे लिहायचो. पाहुण्यांचं हे विहीर-प्रकरण काय आहे मला कळलेलं नाही. कोल्हापुरात कुठंही बोट ठेवा, तिथं पूर्वी एकतर विहीर असते, ऊस असतो, नाहीतर त्यांच्या मामाचं काहीतरी असतं आणि ते मामानं कवडीमोलानं विकलेलं असतं.

मेव्हणा वास्तुशास्त्र शिकून आला होता. कुठं, ते विचारू नका. तो प्रत्येक फ्लॅटमध्ये मोबाइलवर होकायंत्र लावून मधोमध उभा राहायचा. ईशान्येला देवघर, आग्नेयेला गॅस, नैऋत्येला आमची झोपायची खोली. एका ठिकाणी लिफ्टच्या लोखंडापाशी त्याचं होकायंत्र गरागरा फिरलं आणि सगळ्याच दिशा आग्नेय निघाल्या. “हे घर तापट आहे,” त्यानं निदान केलं.

पण मला खरा त्रास दिला तो पुण्याच्या पार्टीनं.

ही पार्टी मी कधी बघितली नव्हती. पण आम्ही कुठलाही फ्लॅट बघितला की ती आदल्या दिवशी तो बघून गेलेली असायची. “पुण्याची पार्टी हाय साहेब, त्यांना पसंत हाय. रोख देणार हाईत. पण तुम्ही आपली माणसं, म्हणून थांबवलंय.” मी जरा घासाघीस केली की एजंटाचा फोन वाजायचा आणि तो बाजूला जाऊन “व्हय व्हय, पुण्याचं साहेब” असं दबक्या, पण मला ऐकू येईल एवढ्याच दबक्या आवाजात बोलायचा. हळूहळू पुण्याची पार्टी आमच्या घरातली माणसं होऊन बसली. रात्री दिवा मालवल्यावर बायको म्हणायची, “अहो, त्यांनी घेतला असेल का हो तो?” त्यांना आई-वडील नसतील, मुलांना परीक्षा नसतील, नुसती रोख रक्कम असेल, असं मला वाटायचं. त्यांच्याबद्दल इतका मत्सर मला आयुष्यात शेजाऱ्याबद्दलही वाटला नव्हता, आणि माझ्या शेजारी तर माझाच चुलतभाऊ राहतो.

एका रविवारी मी इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून गेलो होतो. दुपारी लग्न होतं. फ्लॅट बघून खाली उतरलो तर पार्किंगमध्ये एक नवरा-बायको उभे. साधीच माणसं, हातात पिशवी, बरोबर पेंगुळलेलं पोर. ती बाई माझ्या बुटांकडं बघून नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, “हीच बघा ती पुण्याची पार्टी.” नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझ्या पोटात गलबललं. “अहो, आम्ही शिवाजी पेठेतले,” असं सांगायला मी तोंड उघडणार तोच एजंटानं मला गाडीत ढकललं.

त्या दिवसानंतर पुण्याची पार्टी मला कधी घाबरवू शकली नाही.

शेवटी फ्लॅट मिळाला तो कोल्हापुरातल्याच संभाजीनगरच्या पुढं, कळंबा रोडला. हद्दीच्या आत. नदीपासून लांब. नळाला पाणी, ते आम्ही स्वतः पहाटे जाऊन, वॉचमनला चहा पाजून, बादली लावून बघितलं. तिसरा मजला, बांधकाम अजून चालू, पण खालचा सॅम्पल फ्लॅट तयार होता. सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग जरा आखूड असतो, कपाटाला खोली नसते आणि फळांच्या टोपलीतली सफरचंदं प्लॅस्टिकची असतात, हे आता मला माहीत होतं. पण वरच्या आमच्या अर्धवट फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा बायको सिमेंटच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि न लावलेला नळ उघडून तिनं हवेत एक ताट विसळलं. मुलगा प्रत्येक खोलीत गेला आणि नुसता उभा राहिला. ताठ. वर बघून, हात उंच करून, पुन्हा ताठ. त्याला विचारावं असं काही उरलं नाही.

गॅलरीतून कळंबा तलाव दिसतो असं माहितीपत्रकात होतं. दिसतो म्हणजे तलावाच्या दिशेला तोंड करून उभं राहता येतं. ते चालेल.

कचेरीत एरियाचा विषय निघाला. बिल्डर म्हणाला, “नऊशे ऐंशी.” माझा चेहरा उजळला तसा तो म्हणाला, “सुपर बिल्टअप. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आत वापरायला मिळणारं, सातशे वीस.” बिल्डरांना वेसण घालणारा रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, महारेरा, २०१७ च्या मे महिन्यापासून सुरू, आणि तेव्हापासून विक्री कार्पेटवरच धरायची असं ठरलंय. करारात ७२०च लिहितात. तोंडी मात्र अजून सगळे फुगवूनच बोलतात.

“मग उरलेले २६० फूट?” मी विचारलं.

“पॅसेज, लिफ्ट, आणि जिना.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. पुन्हा जिनाच आमच्या वाट्याला आला होता.

घासाघिशीसाठी मावशीचे यजमान आले. ह्या काकांची सगळी हयात शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात गेलेली. त्यांनी आल्या आल्या भिंतीला नख लावून बघितलं, हात पुसला, खुर्चीत बसले आणि चहा येईपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. बिल्डरनं शेचाळीस लाख सांगितले.

“फायनल किती?”

“फायनलच सांगितलं, काका.”

“हे सांगायचं फायनल झालं. द्यायचं फायनल?”

“पंचेचाळीस पन्नास.”

“आन् फायनलचं फायनल?”

इथं बिल्डरनं कॅल्क्युलेटर काढला. आमच्यासारख्या गावात घर ९० चौरस मीटर कार्पेटच्या आणि ४५ लाखांच्या आत असलं तर बांधकाम चालू असताना जीएसटी एक टक्का, वर गेलं की थेट पाच. शेचाळीस लाखांवर कर होतो २,३०,०००. चव्वेचाळीस नव्वदवर ४४,९००. आकडा ४४ लाख ९० हजारांवर थांबला. किंमत एक लाख दहा हजारांनी उतरली आणि करातले एक लाख पंच्याऐंशी हजार वाचले ते निराळेच. काकांचा ह्या कायद्याशी काडीचा संबंध नव्हता, पण तेव्हापासून प्रत्येक लग्नात ते “तीन लाख उतरवले मी” असं सांगतात, आणि मी मान हलवतो.

पुढं वकील म्हणाले, घर एकट्या वहिनींच्या नावावर घ्या, बायकांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. म्हणजे आणखी ४४,९०० वाचले. कर्ज दोघांच्या नावावर, घर तिच्या. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं हे आबांना सांगितलं.

आबांनी चष्मा काढला. “म्हंजे तू तिच्या घरात राहायला जाणार.”

“तसं नाही आबा, कागदावर...”

“म्हंजे आमच्या पेठेतलं पोरगं घरजावई झालं!”

त्यात पितृपंधरवडा लागला. बिल्डर म्हणत होता, आत्ताच टोकन द्या, अजून पंचवीस हजार सोडतो, ह्या दिवसांत गिऱ्हाईक नसतं. आबा म्हणाले, पूर्वजांच्या डोळ्यांदेखत त्यांचं घर सोडायचा करार करणार असशील तर कर. पंचवीस हजार गेले. दसऱ्याला टोकन दिलं. संध्याकाळी दसरा चौकात शाही दसऱ्याचं सोनं लुटून आलेल्या लोकांनी माझ्या हातात आपट्याची पानं दिली, आणि त्या दिवशी माझ्याकडं तेवढंच सोनं शिल्लक होतं. बाकीचं बायकोच्या संमतीनं गुजरीत, म्हणजे आमच्या सराफकट्ट्यावर, गेलं होतं.

मग बँक. ३० लाखांच्या वरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देतात, म्हणून ३५ लाख काढले. साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता ३०,३७४ रुपये. मी हिशेबाचाच माणूस, तरी तक्ता छापून हातात आला तेव्हा पहिल्या ओळीवर नजर अडकली. पहिल्या हप्त्यातले २४,७९२ रुपये व्याजाचे आणि ५,५८२ मुद्दलाचे. फ्लॅटचा दर कार्पेटवर धरला तर फुटाला सव्वासहा हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे महिनाभर राबून मी एक फूटसुद्धा सोडवत नाही. उंबऱ्याची एक बाजू फार तर. वीस वर्षांत मिळून जवळपास ७३ लाख भरायचे. हा शेवटचा आकडा मी बायकोला सांगितलेला नाही. तिला कॅल्क्युलेटर वापरता येतो, पण ती शहाणी आहे.

नोंदणीच्या दिवशी सर्व्हर बंद होता, चालू झाला, पुन्हा बंद झाला. बायकोचा अंगठा मशिनला उमटेना. भांडी घासून रेषा पुसल्यात, असं तिनंच त्या मुलाला सांगितलं, आणि त्यानं शांतपणे ओला रुमाल पुढं केला. तिचा ठसा शेवटी उमटला तेव्हा ती हसली, आणि तो फोटो नेमका त्याच क्षणी निघाला. आमच्या दस्तावर एकटी तीच हसतेय. बाकीचे आम्ही सगळे वॉन्टेड दिसतो.

आता राहिले आबा. त्यांना कुठं फ्लॅट घेतला हे आम्ही नीट सांगितलंच नव्हतं, ‘संभाजीनगरच्या पुढं’ एवढंच सांगत होतो. कोल्हापुरात ‘तो कळंब्याला गेला’ म्हटलं की ऐकणारा गावाचा विचार करत नाही, तिथल्या मध्यवर्ती कारागृहाचा करतो. आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्या घराण्यात आजवर कळंब्याला कुणी गेलं नव्हतं.” आणि वास्तुशांतीला येणार नाही म्हणून जाहीर केलं.

आले. कडक इस्त्रीचं धोतर, फेटा, सगळ्यांच्या आधी. पूजा झाली, जिलेबी झाली, आणि मावशीनं सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर आपला अभिप्राय दिला, “तसं बरं आहे. पण किचन जरा लहान वाटतं, नाही?”

मी काही बोलायच्या आत आबा खुर्चीतून उठले. “लहान? सातशे वीस कार्पेट हाय! करारात कार्पेट लिवतात, तुमच्यागत सुपर बिल्टअप न्हाई. आन् पाणी? थेट पाइपलाइनचं. सर्किट बेंच आलंय, सहा जिल्ह्यांचे वकील येणार हाईत, दोन वर्सांत बघा दर. शिवाजी पेठ हितनं दहा मिनिटं!”

मावशी गप्प झाली. एजंटही जेवायला आला होता, तो कौतुकानं आबांकडं बघत राहिला.

मग आबा गॅलरीत गेले आणि गावाकडच्या आपल्या जुन्या दोस्ताला फोन लावला. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात आणि वर ओरडून बोलतात, त्यामुळं वास्तुशांतीला आलेल्या पाऊणशे माणसांनी तो ऐकला.

“आरं, पोरगं कळंब्याला गेलं!”

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग दोस्तानं हळूच विचारलं, “किती वर्सं लागली?”

“वीस!”

“आरं देवा. वरच्या कोर्टात जावा की. आता सर्किट बेंच हितंच आलंय.”

“कशाला?” आबा म्हणाले. “बँकेनं राजीखुशीनं दिल्यात.”